पिकअपला उंच शॉकअप टाकताय? आधी हे वाचा



भात निघालं की आपल्याकडे वाल, भेंडी, काकडी, कलिंगड सुरू होतं आणि पिकअपच्या पनवेल-वाशीच्या फेऱ्या वाढतात. शेतावरच्या वाटेला गाडी खालून घासते, माल भरला की मागून बसते. "उंच शॉकअप टाकले तर चालेल का?" असं बरेच सभासद विचारतात. पैसे घालण्याआधी एवढं समजून घ्या.

*१) वजन पाटे पेलतात, शॉकअप नाही*
मालाचं वजन कमान-पाट्यांवर असतं. खड्ड्यातून गेल्यावर पाटे वरखाली हलत राहतात, ती हालचाल थांबवणं हे शॉकअपचं काम. म्हणजे भरलेली गाडी बसत असेल तर नुसते शॉकअप बदलून ती उचलणार नाही. आधी बघा: टायरची हवा, तडकलेला किंवा सपाट झालेला पाटा, झिजलेले बुश, ढिले यू-बोल्ट. बऱ्याचदा काम इथेच होतं.

*२) शॉकअप गेला कसा ओळखायचा?*
अंगावर तेल ओघळलेलं दिसतं. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला की ती दोन-तीनदा डुलत राहते. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजतो. अशा गाडीत वरच्या थरातले क्रेट सर्वात जास्त उडतात. मार्केटला डागी निघणारा माल कधी कधी शेतात नाही, गाडीत डागी झालेला असतो.

*३) निवडताना*
✅ गाडीच्या मॉडेलचाच शॉकअप घ्या. एका धुरीचे दोन्ही एकदम बदला.
✅ पाट्यांमुळे गाडी उंच झाली असेल तरच लांब शॉकअप लागतो. त्याची बंद आणि उघडी, दोन्ही लांबी विचारा. रिकाम्या गाडीत तो पूर्ण ताणलेला नको, भरलेल्या गाडीत पूर्ण मिटलेला नको. गाडी दाबली गेली की आधी बंप रबर टेकला पाहिजे. शॉकअप आधी टेकला तर तो फुटतो किंवा त्याचं ब्रॅकेट तुटतं.
✅ खराब रस्त्यावर लांबची फेरी असेल तर गॅसचा शॉकअप बरा. सतत हादऱ्यांनी साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि तो मऊ पडतो. गॅसच्या दाबामुळे फेस कमी होतो.
❌ गरजेपेक्षा कडक नको. रिकामी गाडी उडते, भरलेल्या गाडीत दणके थेट मालाला बसतात.

*४) उंची वाढवण्याचा धोका*
⚠️ बऱ्याच पिकअपना मागच्या धुरीजवळ ब्रेकचा लोड वॉल्व्ह असतो. चासी आणि धुरी यांतल्या अंतरावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी उंच केली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पाटा वाढवला तर वॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्याच.
⚠️ वजन वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. त्यात क्रेटची उंच थप्पी असेल तर जास्तच.
⚠️ गाडी उंच झाली म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला ₹२०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला ₹२,००० दंड आहे. परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ₹५,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही प्रश्न निघतो.
⚠️ अंबा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं, हे आपण बघतो. उंच गाडीच्या भरवशावर त्यात घालू नका. दोन फूट वाहतं पाणी पिकअपलाही ओढून नेतं.

*मग करायचं काय?*
आधी पाटे, बुश आणि टायर तपासा. मग कंपनीच्या मापाचे चांगले शॉकअप जोडीने टाका. तरीही गाडी घासत असेल तर शेतवाटेचा उंचवटा आणि मधला दगड काढणं स्वस्त पडतं. माल पासिंगएवढाच भरा, जड क्रेट खाली आणि पुढच्या बाजूला, केबिनला टेकून लावा.

सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा गाडीखाली वाकून बघाच. ड्रायव्हर दुसरा असेल तर हा मेसेज त्यालाही पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, पाली (सुधागड)