पोलादाचे पाणी

आपल्या माळव्यातील लोहार नांगराच्या फाळाला ‘पाणी देतो’, म्हणजे लाल तापवून एकदम विझवितो. ‘पाणीदार’ या शब्दामागे रत्नाचे तेज आहे, तशी ही भट्टीही असावी, असे मला वाटते.

१९५०-५१ साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. अशा कारखान्यांतील बिडाचे रोलर उसासोबत येणाऱ्या वाळूने गुळगुळीत होतात आणि ऊस घसरू लागतो. म्हणून दातांवर क्रोमियमयुक्त मिश्रधातूचा थर वेल्डिंगने चढवितात. त्यातील कार्बाइडचे कण अतिशय कठीण असतात, परंतु त्यांना धरून ठेवणारा धातू मऊ राहतो. तो थर सुमारे ९५० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवला, की त्या धातूतून बारीक कार्बाइड बाहेर पडतात व थंड होताना तो मार्टेन्साइट होऊन कठीण बनतो. वाळूची घासणी त्याला मग अधिक सोसते. मात्र उसातून दगड आला, तर याच कठीण थराचे टवके उडतात. शिवाय अवजड रोलर भट्टीत घालणार कसा? तोडलेल्या उसाची साखर तासागणिक घटते, त्यामुळे पुष्कळदा फिरत्या रोलरवरच वेल्डिंगचे ठिपके देतात. पाणी देण्याचे भाग्य लहान, सुट्या भागांनाच लाभते.