परवान्यापासून सूट : बिनतारी कायद्याचा संगणकातील अंमल

1942 च्या ऑगस्टमध्ये वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनतेचा जो उद्रेक झाला आणि त्यामागोमाग सरकारने तेथील रयतेवर जो सूड उगविला, त्याची हकीकत वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलेले असतानाही देशभर पसरली, आणि ती पसरविणाऱ्यांत मुंबईतून गुप्तपणे चालणारे काँग्रेस रेडिओ केंद्र हे एक प्रमुख साधन होते. उषा मेहता व त्यांचे सहकारी 42.34 मीटर तरंगलांबीवरून, वारंवार जागा बदलीत, आष्टी व चिमूर या गावांतील अत्याचारांचे वर्णन ऐकवीत असत. 12 नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडली आणि यंत्रसामग्रीसह मंडळी पकडली गेली.

काय बोलले गेले हा प्रश्न क्षणभर दूर ठेवला, तरी ते यंत्र जवळ असणे हाच मुळी गुन्हा होता. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याच्या तिसऱ्या कलमाने परवान्यावाचून बिनतारी साधन बाळगण्यासच मनाई केली होती. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात सरकारने सूट देण्याचा अधिकार आपल्या हाती राखून ठेवला होता, आणि पारतंत्र्यात फारशी कोणाच्या नजरेत न भरलेली ही चिंचोळी वाट पुढे हमरस्ता ठरली. 28 जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात एक वॉटपर्यंत उत्पादित शक्ती आणि अँटेनाचा लाभ धरून चार वॉटपर्यंत प्रभावी शक्ती विनापरवाना वापरण्यास मोकळीक मिळाली. आर्वी तहसिलीतील रोहण्यासारख्या गावात एखाद्या दुकानदाराने भिंतीला वायफायचा राऊटर टांगला, तर तो या सुटीच्या आधारानेच कायदेशीर ठरतो. दुकानदाराला मात्र त्याची गंधवार्ता नसते.

मग ही मर्यादा पाळतो कोण? पाळते ते यंत्र, आणि बहुसंख्य राऊटरांत व अँड्रॉइड फोनांत त्या यंत्राचा कारभार लिनक्स या कार्यकारी प्रणालीच्या कर्नेलकडे, म्हणजे गाभ्याकडे, असतो. पूर्वी प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर आपापले कोष्टक बाळगून असे, म्हणजे जितके ड्रायव्हर तितके कायदे. 2008 अखेरच्या 2.6.28 या आवृत्तीपासून, मुख्यतः लुईस रॉड्रिगेझ यांच्या परिश्रमाने, ही मुखत्यारी एका ठिकाणी आली : जगातील देशांचे नियम एका साध्या मजकुराच्या दप्तरात, त्या दप्तराची डिजिटल सहीने मोहोरबंद प्रत, आणि ती सही पडताळूनच नियम स्वीकारणारे कर्नेल. जानेवारी 2018 च्या 4.15 आवृत्तीपासून ही प्रत कर्नेल स्वतःच उघडते, ती उघडून देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमची, म्हणजे मधल्या कारकुनाची, गरज उरलेली नाही.

या दप्तरातील सर्वांत उद्बोधक नोंद कोणत्याही देशाची नाही. ‘00’ या सांकेतिक अंकांखाली, आपण कोठे आहोत हे ज्याला ठाऊक नाही अशा यंत्रासाठी नियम लिहिले आहेत. 2402 ते 2472 मेगाहर्ट्झ, म्हणजे पहिल्यापासून अकराव्या वाहिनीपर्यंत, शंभर मिलिवॉटच्या आत त्याने खुशाल बोलावे. बारावी व तेरावी वाहिनी काही देशांत निषिद्ध असल्यामुळे तेथे आपण होऊन तोंड उघडू नये, आधी ऐकावे. आणि चौदावी तर केवळ जपानचीच. परमुलखात उतरलेल्या सुज्ञ पाहुण्याने वागावे तसे हे वागणे आहे. पुढे जवळच्या राऊटरने आपल्या संदेशात देशाचे नाव सांगितले, किंवा वापरकर्त्याने ते हाताने लिहिले, की नियम बदलतात. परंतु ड्रायव्हरने अगोदरच एखादा देश सांगितलेला असेल, तर वापरकर्त्याच्या शब्दाने दोहोंना समान असलेलेच क्षेत्र शिल्लक राहते. मुभा आकुंचित होते, विस्तारत नाही. शिक्षेची धमकी न देता कायदा पाळून घेण्याची ही रीत मला 1933 च्या रीतीपेक्षा सभ्य वाटते.

ती निर्विवाद होती असे मात्र नाही. अॅथरॉस कंपनीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा एक भाग पुष्कळ वर्षे केवळ यंत्रभाषेत, कोणालाही वाचता येऊ नये अशा रूपात दिला जाई, आणि कारण सांगितले जाई ते रेडिओ नियमांचे : मूळ संहिता उघडी केली तर लोक वाटेल त्या वारंवारतेवर बोलतील. ओपनबीएसडी या खुल्या कार्यकारी प्रणालीच्या राईक फ्लोटर यांनी त्याला उघडा पर्याय लिहिला, आणि 2008 मध्ये खुद्द अॅथरॉसनेच आपल्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर खुला केला. गुप्ततेने कायदा सुरक्षित राहतो हा समज तेव्हाच निकालात निघावयास हवा होता. तो निघाला नाही, याला निमित्तही होते. अमेरिकेत टीपी-लिंकच्या काही राऊटरांवर देशाचे नाव बदलून शक्ती वाढविता येई, आणि त्यापायी 2016 मध्ये कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले.

लोक वाटेल त्या वारंवारतेवर बोलतील ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारी रडार राहतात; मुंबईतील वेरावली येथे 2022 पासून हवामानखात्याचे सी-बँड रडार पावसाचा वेध घेत आहे. म्हणून या पट्ट्याच्या काही भागांत राऊटरने आधी साठ सेकंद निमूट ऐकावे, रडारचा स्पंद आढळताच ती वाहिनी सोडावी आणि अर्धा तास तिकडे फिरकू नये, असा दंडक आहे. राऊटर कधीकधी आपोआप वाहिनी बदलतो, ती त्याची लहर नसते.

2005 मध्ये आपल्याकडे 5150 ते 5350 मेगाहर्ट्झचा पट्टा घरात वा एकसंध आवारातच वापरण्याची अट होती. ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने ती उठविली, 5470 ते 5725 हा नवा टापू जोडला, आणि एकूण 605 मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले झाले. पण राजपत्रात शाई वाळली म्हणून भिंतीवरचा डबा शहाणा होत नाही. दप्तरातील भारताच्या ओळी कोणीतरी दुरुस्त कराव्या लागतात, त्या उत्पादकाने उचलाव्या लागतात, आणि राऊटरला नवे फर्मवेअर मिळावे लागते; यांतील शेवटची पायरी आपल्याकडे बहुधा चढलीच जात नाही, आणि याचा दोष मी कायद्यापेक्षा विक्रेत्यांच्या निष्काळजीपणाला देतो.

पहिली पायरी मात्र कोणालाही खुली आहे. त्या दप्तरात दुरुस्ती सुचविण्यास पद किंवा पदवी लागत नाही. लागतो तो सरकारी अधिसूचनेचा आधार. विदर्भातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी भारताच्या त्या ओळी एकदा राजपत्राशी ताडून पाहाव्यात आणि तफावत आढळल्यास दुरुस्ती पाठवावी.