खडकवासल्यातील मुलाला घरचा आधार

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण 3 वर्षांचे, म्हणजे 6 सत्रांचे असते. पहाटेपासून कवायत, पोहणे, घोडेस्वारी आणि शिवाय पदवीचा अभ्यास. 2022 पासून मुलीही हे प्रशिक्षण घेत आहेत.

पहिले सत्र सर्वांत जड जाते. झोप अपुरी, फोन क्वचित. अशा वेळी मिळालेल्या मोजक्या मिनिटांत पालकांनी "आम्हाला तुझी फार काळजी वाटते" असे म्हणून रडू नये. घरातल्या साध्या गोष्टी सांगाव्यात, मुलाचे ऐकून घ्यावे. हस्ताक्षरातले पत्र तर पुन्हा पुन्हा वाचता येते.

नडगीचे दुखणे मात्र हसण्यावारी नेऊ नका. सततच्या धावण्याने हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. मुले मागे पडण्याच्या भीतीने ते लपवतात. "आधी डॉक्टरांना दाखव" हे घरून ठामपणे सांगायला हवे.

शारीरिक चाचणीत किंवा अभ्यासात मागे पडल्यास कॅडेटला एक सत्र मागे ठेवले जाते. 6 महिने वाढतात, वाट बंद होत नाही. या काळात शेजारच्या मुलाशी तुलना नको.

आणि प्रशिक्षण सोडावेच लागले, तर घराचे दार त्याच्यासाठी तितकेच उघडे आहे, हे पालकांनी त्याला आजच सांगावे.