गाळपेरावरचा उन्हाळा

उन्हाळा लागला की पैसेवाली माणसे थंड हवेच्या ठिकाणी जातात, तळ्याकाठी तंबू ठोकून राहतात, असे आपण ऐकतो. आम्हीही दर उन्हाळ्यात तळ्याकाठी राहायला जातो. फरक एवढाच की त्यांचे चार दिवस मौजेचे असतात आणि आमचे चार महिने कामाचे. आमचे तळे म्हणजे इसापूरचे धरण आणि तंबू म्हणजे पऱ्हाट्या-तुराट्यांची खोप. सोबतीला सारे घर असते. आजी, आई-बाबा, काका-काकू, लेकरे, दोन शेळ्या आणि राखणीला एक कुत्रा.

इसापूरचे धरण पैनगंगेवर आहे. एका काठाला आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका, दुसऱ्या काठाला हिंगोली जिल्ह्यातला कळमनुरी तालुका. मातीची भिंत चार किलोमीटरहून लांब आणि उपयुक्त पाणीसाठा ९६४ दशलक्ष घनमीटर. हे पाणी कालव्यांनी नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या शेतांना जाते. रब्बीसाठी पाणी सुटू लागले की जलाशय हळूहळू मागे सरतो आणि पाण्याखालची काळी, ओली जमीन उघडी पडते. हीच गाळपेर जमीन. नदीने आणलेला गाळ तिच्यावर बसलेला असतो, त्यामुळे खताला फार खर्च लागत नाही आणि अंगच्या ओलीवर बी उगवते. टरबूज, डांगर, काकडी, मूग, तीळ आणि जनावरांसाठी ज्वारीचा चारा एवढे त्यात होते. पुढे मृगाचा पाऊस पडला, नदीला पाणी आले की जमीन पुन्हा पाण्याखाली. म्हणजे ही शेती वर्षातून काही महिनेच दिसते.

आमच्या आजीसाठी ती नुसती शेती नाही. धरण झाले तेव्हा तिचे गाव बुडाले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या घरांच्या भिंतींचे दगड उघडे पडतात, विहिरीचा काठ दिसतो. आजी काठी टेकत तिथे जाते आणि नातवंडांना दाखवते, "ही गावाची विहीर. इथं आपण घागर घेऊन उभं राहायचं. कोणी वरून वतलं तं पाणी, नाहीतं तसंच वापस." लेकरांना ते खरे वाटत नाही. कारण ज्या पाण्याखाली ती विहीर बुडाली, त्याच पाण्यात ती दिवसभर डुंबत असतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. गाव बुडाले याचे आजीला दुःख आहे. ती विहीर बुडाली याचे मात्र नाही, असे ती हसत सांगते.

आमच्या वाडीचे पंचांग आपल्या समाजाच्या दिवसांनीच चालते. बी टाकायचे जानेवारीत. २० मार्चला, ज्या दिवशी १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्या दिवशी सकाळी आम्ही सारे पाण्याच्या काठी उभे राहतो. भाषण नाही, लाऊडस्पीकर नाही. त्रिशरण-पंचशील होते आणि मग आजी सर्वात लहान लेकराच्या ओंजळीत स्वतःच्या हाताने पाणी घालते. तोवर वेलींना मुठीएवढी फळे धरलेली असतात.

१४ एप्रिलच्या सुमारास फळ तोडणीला येते. देठाजवळचा ताणा वाळला, जमिनीला टेकलेली बाजू पांढरी होती ती पिवळी पडली आणि बोटाने ठोकल्यावर टणटण न वाजता धपधप वाजले, की टरबूज पिकले समजावे. ही परीक्षा आमच्या काकूएवढी कोणालाच जमत नाही. जयंतीला सगळ्यांनाच गावात जायचे असते, पण वाडी सोडून कशी चालेल? रात्री रोही आणि रानडुकरे येतात. म्हणून पाळी लावलेली आहे. एका वर्षी बाबा राखणीला राहतात, एका वर्षी काका. राहणाऱ्यासाठी गावातून पुरणाची पोळी येते आणि गावातल्या मिरवणुकीतल्या लेकरांसाठी वाडीवरून बैलगाडीभर टरबुजे जातात. त्या टरबुजांचा पैसा घेत नाहीत, असा आजीचा नियम आहे.

वैशाख पौर्णिमा आली की वाडीचा शेवट जवळ आला. त्या रात्री खोपीसमोर मेणबत्त्या लागतात, खीर शिजते. पलीकडच्या वाडीवरची बंजारा आणि आंध कुटुंबेही खिरीला येतात. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत वेली उपटायच्या आणि खोप मोडून परत जायचे.

हे सारे गोड वाटते. पण एक वर्ष असे आले की हा उन्हाळा आमच्या घरावर बेतला होता.

त्या वर्षी आम्ही कागदाशिवाय पेरले. गाळपेर जमीन सरकारच्या मालकीची असते आणि ती हंगामापुरती पट्ट्याने मिळते. ज्यांची जमीन प्रकल्पात गेली ते आणि भूमिहीन यांचा विचार आधी व्हावा, असे शासनाचे धोरण आहे. आजीचे गाव बुडालेले, म्हणून हक्क आपलाच, असे धरून बाबांनी अर्जच केला नाही. कोणीतरी तोंडी "पेरा, काही होत नाही" म्हटले, तेवढ्यावर पेरणी झाली. फळ मुठीएवढे झाले आणि शेजारच्या वस्तीवरचे एक कुटुंब पट्ट्याचा कागद घेऊन आले. जमीन त्यांच्या नावावर होती. तेही गरीब, तेही धरणात घर गेलेले. त्यांच्या हातात काठ्या होत्या. आमच्या काकांनी कुऱ्हाड उचलली.

आजी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही, पण वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते तेव्हा ती एक दिवस चुकवत नाही. ती म्हणाली, "पाण्यापायी माणसं मारायची व्हय? रोहिणी नदीचं काय सांगतलं हाय, आठवा."

वाचकांना ती कथा माहीत आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांचा संघ युद्धाला निघाला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. आपले दोन, त्यांचे दोन निवडावे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. संघाने ते ऐकले नाही आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्यांनी जे नाकारले, ते त्या दिवशी आमच्या वाडीवर दोन गरीब घरांनी मान्य केले. त्यांचे दोन आणि आमचे दोन बसले. पाचव्या म्हणून दोन्हीकडच्यांनी पलीकडच्या वाडीवरची एक वयस्क बंजारा बाई निवडली. निकाल असा झाला की जमीन त्यांची, बी आणि कष्ट आमचे, म्हणून माल अर्धा-अर्धा. पुढल्या वर्षी ज्याच्याजवळ कागद त्यानेच पेरायचे.

आमचे अर्धे उत्पन्न गेले. त्या वर्षी थोरल्या बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी आईची पोत मोडावी लागली. पण कोणाचे डोके फुटले नाही, कोणी कोर्टाची पायरी चढले नाही. पुढच्या हंगामाआधी बाबांनी अर्ज केला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला जोडला आणि पोचपावती मागून घेतली. अर्जावर आईचेही नाव घातले. तेव्हापासून ती पावती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवलेली असते.

म्हणून गाळपेरावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना आणि विशेषतः भगिनींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, कागदाशिवाय पेरू नका. पट्टा हंगामापुरता आहे, मालकीचा नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी, लेकरांची शाळा. वाडीचा जोर आणि परीक्षा एकाच वेळी येतात. एका मोठ्या माणसाने गावात लेकरांजवळ राहावे. आमच्या घरी हे काम काका करतात, काकू वाडीवर राहते. फळ पारखायला ती लागते, भाकर काय, कोणीही थापू शकते.

तिसरी, पाणी. काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण खाली पाय ओढून घेतो आणि जुन्या विहिरी पाण्याखाली दिसत नाहीत. लेकरांना एकटे पाण्यात जाऊ देऊ नका. रिकामी, बूच लावलेली प्लास्टिकची कॅन दोर बांधून काठावर ठेवा, बुडणाऱ्याला फेकता येते. प्यायला जलाशयाचे पाणी तसेच घेऊ नका. काठापासून दूर झिरा खणा, पाणी गाळून उकळून घ्या. लेकराला जुलाब लागले तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. चमचा चहाचा घ्या. लेकरू मलूल झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

चौथी, फवारणी. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. गाळपेरावर फवारलेले विष पहिल्या पावसासरशी धरणात उतरते आणि तेच पाणी पुढे माणसे-जनावरे पितात. फळमाशीला सापळे लावा. पाणी सर्वांचे असावे म्हणून बाबासाहेब लढले. ते सर्वांसाठी चांगले ठेवणे आपल्या हाती आहे.

जूनमध्ये खोप मोडतो तेव्हा आजी सर्वात शेवटी निघते. पाणी चढू लागलेले असते आणि ती जुनी विहीर पुन्हा बुडायच्या बेतात असते. आजी तिच्याकडे एकदा पाहते आणि म्हणते, "चाल व माय, बूड आता." मग आम्ही शेळ्या हाकत गावाकडे निघतो. जयभीम!