पाणी ओसरलं की भरणारं गाव

मे महिन्यात दक्षिण गोव्याच्या सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गाव पाण्यातून वर येतं. साळावली धरणाची पातळी उतरते, चिखल वाळून त्याला भेगा पडतात आणि घरांचे चौथरे, जुन्या वाटा, झाडांचे वाळके बुंधे दिसू लागतात. मग गाड्या भरून माणसं येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो. ख्रिस्ती कुटुंबं कपेलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराचं, फेस्त करतात. कुणी नातवंडांना घेऊन आपल्या घराचा चौथरा शोधतं, स्वयंपाकघर कुठे होतं ते हातानं दाखवतं. पाऊस लागला की पुन्हा सगळं पाण्याखाली.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि नव्या सरकारपुढे पाण्याचा प्रश्न उभा राहिला. दक्षिण गोव्याला पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी मिळावं म्हणून जुवारीची उपनदी साळावली अडवायचं ठरलं. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात येऊन हे समजावून गेले, असं कुर्डीतले वृद्ध सांगत आले आहेत. १९८०च्या दशकात सुमारे तीन हजार वस्तीचं हे गाव उठलं आणि वाडे, वालकिणी इथल्या वसाहतींत गेलं. लोकांना भूखंड मिळाले, भरपाई मिळाली. ज्या पाण्यासाठी त्यांनी गाव सोडलं, त्याच पाण्याची टंचाई असल्याच्या तक्रारी पुढे या वसाहतींतूनच आल्या.

जे उचलून नेता येण्यासारखं होतं, ते सरकारनं काळजीपूर्वक नेलं. कदंबकालीन महादेव मंदिराचा दगडन् दगड सुटा करून ते बुडीत क्षेत्राबाहेर, धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आलं. जांभ्या दगडातली प्राचीन मातृदेवता वेर्ण्याला हलवण्यात आली. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं हे काम मोलाचंच. पण कोणाच्या परसातून कोणाची पायवाट जाते, उत्सवात कोणाचा मान कितवा, अडीनडीला कोणाचं दार ठोठवायचं, याचा नकाशा कुठल्याच कचेरीत नव्हता. मे महिन्यात कुर्डीकर चिखल तुडवत येतात ते मुख्यतः हा नकाशा पुन्हा एकदा गिरवायला.

कायद्याच्या लेखी घर म्हणजे बराच काळ सातबाऱ्यावरचं नाव होतं. १८९४चा भूसंपादन कायदा जमिनीच्या मालकाला मोबदला देत असे. त्याच जमिनीवर राबणाऱ्या मजुराचं, गावातल्या लोहाराचं किंवा नदीत जाळं टाकणाऱ्याचं काय, याबद्दल तो फारसं बोलत नव्हता. महाराष्ट्रातल्या कोयना धरणाच्या विस्थापितांना रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरलं गेलं. डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्या माणसाला सोलापूरच्या कोरड्या मैदानात जमीन मिळाली, तर कागदावर हिशेब जुळतो. त्याचं शेतीचं ज्ञान मात्र निरुपयोगी होतं.

नर्मदेच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादानं १९७९ साली यात मोठा बदल केला. पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी आणि प्रत्येक सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरावं, असं त्या निवाड्यात होतं. तो हक्क सज्ञान मुलीला नव्हता. नर्मदेवरच्या धरणात गावं जाणाऱ्या नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या भिल्ल, पावरा कुटुंबांपुढे आणखी एक अडचण होती. ती पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती, तिच्यातली बरीचशी सरकारदरबारी वनजमीन होती. नदीतली मासळी, मोहाची फुलं, सरपण, गुरांचा चारा यांना तर उताराच नसतो.

अर्थात बुडालेलं प्रत्येक गाव सर्वांनाच मायेचं होतं असं नाही. गोव्यातल्या जुन्या गावांत भाटकार म्हणजे जमीनदार होते, त्यांच्या जमिनीवर राबणारी कुळं होती, त्यांच्याच जागेत झोपडी बांधून राहणारे मुंडकार होते. १९७५चा मुंडकार कायदा येईपर्यंत मुंडकाराच्या डोक्यावरचं छप्पर भाटकाराच्या मर्जीवर होतं. कुर्डीचं नाव देशभर पोचवणाऱ्या गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावातला, पण धरण यायच्या कितीतरी आधी त्यांनी ते सोडलं होतं. आई त्यांना लहानपणीच गाण्यासाठी बाहेर घेऊन गेली; नाटक कंपनी, सांगली, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम आणि मग कायमची मुंबई. देवळांतल्या गाण्याबजावण्याशी बांधलेल्या त्यांच्या कलावंत समाजातल्या अनेक गायिकांना मान मिळाला तो गोव्याबाहेरच. गाव मागे राहिलं, आडनावात मात्र ते कायम सोबत असे.

गोव्यातून स्वखुशीनं गेलेलेही कमी नाहीत. आधी पूर्व आफ्रिका, मग आखात आणि २०२० अखेरपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधलं स्विंडन. सासष्टी तालुक्यातली कितीतरी घरं वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद असतात. कोकणातल्या चाकरमान्यांची गोष्टही वेगळी नाही. गणपतीत घर उघडतं, झाडलोट होते, आरत्या होतात. या मंडळींकडे घराची किल्ली असते आणि परतायचं की नाही हे त्यांचं ते ठरवू शकतात. कुर्डीकरांसाठी ते धरणाची पातळी ठरवते.

२०१३च्या भूसंपादन कायद्यानं ‘बाधित’ कोण याची व्याख्या रुंदावली. कुळं, शेतमजूर, कारागीर तिच्यात आले. नव्या वसाहतीत पिण्याचं पाणी, गायरान, स्मशानभूमी, प्रार्थनास्थळ असायला हवं, अशी यादीच कायद्याला जोडली गेली. अनुसूचित जमातींना शक्यतो एकत्र वसवावं, म्हणजे त्यांची भाषा आणि संस्कृती टिकेल, असंही त्यात म्हटलं आहे.

आता धरणासोबत समुद्रही गावं उठवू लागला आहे. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातलं सातभाया वर्षानुवर्षं लाटांनी कुरतडत नेलं, तेव्हा राज्य सरकारनं तिथल्या कुटुंबांना बागपटिया इथं वसवलं. गावची देवी पंचुबाराही हिची पूजा परंपरेनं स्त्रियाच करतात, मूर्तींना पुरुषांनी हात लावायचा नाही. २०१८ साली त्या जड मूर्ती हलवताना नियम बाजूला ठेवून पुरुषांचे हात घ्यावे लागले. लोकांना घरापुरता भूखंड आणि बांधकामाला पैसे मिळाले, शेतजमीन मिळाली नाही. त्यामुळे वसाहत उभी राहिली, देवीही आली, आणि तिथले अनेक तरुण मजुरीसाठी केरळसारख्या राज्यांत निघून गेले.