फुकटची वाङ्मयसेवा

चित्रपटाच्या चोरट्या प्रती विकणाऱ्यास आपल्या कायद्याने कोणाच्या पंक्तीला बसविले आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. महाराष्ट्राचा १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा मुळात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि मादक द्रव्यांचे गुन्हेगार यांच्यासाठी झाला. २००९ मध्ये त्यात ‘व्हिडीओ पायरेट’ घालण्यात आला. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागात बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पथक निघाले, आणि कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. कायद्याच्या बाजूने म्हणावयाचे तर फारशी उणीव उरलेली नाही.

उणीव आहे ती लोकमताची. हातभट्टीवाल्याच्या दारात उभे राहावयास ज्याला लाज वाटेल, तोच डोंबिवलीचा किंवा ठाण्याचा सुशिक्षित गृहस्थ सकाळच्या जलद लोकलमध्ये एखाद्या हयात लेखकाच्या नव्या कादंबरीची पीडीएफ चाळीस जणांना धाडतो, आणि वर ‘वाचनसंस्कृती जगवा’ असा उपदेशही करतो! ही संस्कृती लेखकाच्या खर्चाने जगत आहे, हे त्याच्या गावीही नसते. आपण पैसे घेतले नाहीत, एवढ्यावर त्याचे मन स्वच्छ राहते. वास्तविक नफा नसला म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते, इतकेच.

या मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. २०१६ साली ‘सैराट’च्या चोरट्या प्रती मोबाइलवरून गावोगाव फिरल्या, तरी त्या चित्रपटाने कोट्यवधी रुपये मिळविलेच की नाही? मिळविले. पण मराठी कथासंग्रह म्हणजे ‘सैराट’ नव्हे. त्याची आवृत्ती हजार प्रतींच्या आसपास निघते आणि तीही संपता संपत नाही. त्यातले दोनशे ग्राहक फुकटात निघून गेले, तर प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचार सोडून देतो. लेखकाचे मानधन बहुधा छापील किमतीच्या टक्क्यांवर ठरलेले. जी प्रत विकलीच गेली नाही, तिचे त्याला काय मिळणार?

पुस्तके महाग झाली, हे खरे. स्वस्त ई-आवृत्त्या काढण्यात बहुतेक प्रकाशकांनी दिरंगाई केली, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु खिशाला न परवडणारे पुस्तक वाचण्याची सरळ वाट या गावांना नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. तेथे एकच प्रत शेकडो वाचक वाचतात, पण ती प्रत कोणीतरी विकत घेतलेली असते.

शिवाय कायदा काही लेखकाचा हक्क अनंतकाळ राखीत नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. मृत्यूनंतरच्या साठ वर्षांची मुदत २०१० अखेर संपली, आणि आता ‘श्यामची आई’ कोणीही छापावी, कोणीही वाटावी. डोंबिवलीकर शं. ना. नवरे मात्र २०१३ मध्ये निवर्तले. त्यांच्या कथांवरील हक्क २०७३ अखेरपर्यंत अबाधित आहे. ज्या नगरीने २०१७ मध्ये साहित्य संमेलन भरविले, तेथील रसिकांना एवढा फरक कळू नये काय?

पोलिसांचे पथक विकणाऱ्याला पकडील. न विकता वाटणाऱ्याच्या घरी ते जाणार नाही, आणि जावे असे आम्हांसही वाटत नाही. त्याला हटकावयाचे ते त्याच चाळीस जणांपैकी एखाद्या स्नेह्याने, पीडीएफ आली त्याच दिवशी, सर्वांदेखत.