गिझरची कॉइल आणि बेलमची गुहा

इअरफोन जवळ नसतील तर हा भाग इथे वाचून काढा. जवळजवळ बोललो तसाच लिहिलाय.

दिवाळीत दर्यापूरला घरी होतो. चार दिवस फराळ हाणला आणि मित्राला म्हटलं, चल बे, गुहा पाहून येऊ. अकोल्याहून अमरावती-तिरुपती एक्सप्रेस पकडली, कर्नूलला उतरलो आणि तिथून गाडीने शंभरेक किलोमीटर. गाव बेलम, जिल्हा नंद्याल, आंध्र प्रदेश. निघताना आईचा प्रश्न होताच, "काऊन रे, एवढ्या दूर दगडं पाहाले चालला?"

आई चुकीचं बोलली नाही. दगड आपल्याकडेही आहेत, पण वऱ्हाडाखाली बहुतेक सगळा काळा बेसाल्ट. अजिंठ्याची लेणी त्याच दगडात आहेत, पण ती माणसाने छिन्नीने कोरली. बेलमची गुहा पाण्याने कोरलीय, कारण तिथला दगड चुनखडक आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने 1884 मध्ये तिची नोंद केली. 1982-83 मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने आत फिरून तपशीलवार नकाशा केला आणि 2002 पासून ती पर्यटकांसाठी खुली आहे. एकूण लांबी 3,229 मीटर, त्यातले दीडेक किलोमीटर आपल्याला फिरता येतं.

आत शिरलो आणि पाच मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला. दमट, गरम. हवा यावी म्हणून वरून झोत सोडलेत, त्याच्याखाली जाऊन लोक उभे राहतात. आम्हीपण राहिलो.

छतावरून खाली लोंबतात त्यांना भूगोलाच्या पुस्तकात अधोमुखी लवणस्तंभ म्हणतात, जमिनीवरून वर येतात ते ऊर्ध्वमुखी. या 'लवण' शब्दाने माझा कित्येक वर्षं घोळ केला. मी खारपाण पट्ट्यातला. पाणी वाळलं की जमिनीवर पांढरा थर उरतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटायचं, गुहेतही तसंच होत असेल: पाणी टपकतं, वाळतं, मीठ उरतं.

पण विचार करा, ज्या हवेत माझा घाम वाळत नाही, त्या हवेत पाणी काय वाळणार?

खरी गोष्ट अशी आहे. पाऊस मातीत मुरतो. मातीत मुळं आणि जिवाणू श्वास घेत असतात, त्यामुळे तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. हे पाणी चुनखडकाच्या भेगांतून उतरताना थोडा थोडा कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून सोबत घेतं. मग थेंब गुहेच्या छताला येऊन लटकतो. गुहेच्या हवेत हा वायू मातीतल्यापेक्षा कमी, म्हणून सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो थेंबातून निसटतो. वायू गेला की पाण्याला तेवढा चुना धरून ठेवता येत नाही, आणि थेंबाच्या कडेला कॅल्साइटचं बारीक कडं बसतं. कड्यावर कडं बसून स्ट्रॉसारखी पोकळ नळी होते. नळी बुजली की पाणी बाहेरून ओघळतं आणि सुळका जाड होत जातो. खाली पडलेला थेंब उरलेला वायू सोडतो, तिथे दुसरा खांब वर येऊ लागतो. तो मात्र भरीव असतो.

आपल्या घरातलं जवळचं उदाहरण म्हणजे गिझर. पुण्यात माझ्या फ्लॅटवर टँकरचं जड पाणी येतं. कॉइलवर पांढरा थर चढतो, तो पाणी वाळून नाही. तापलं की तोच वायू बाहेर पडतो आणि चुना कॉइलवर बसतो.

फरक वेगाचा आहे. कॉइल काही महिन्यांत पांढरी होते. गुहेतला सुळका वर्षाला साधारण मिलिमीटरचा दहावा भाग वाढतो, कुठे त्याहून कमी, कुठे जास्त. म्हणजे बोटाच्या एका पेराएवढ्याला अडीचशे वर्षं धरा.

आणि मी काय केलं? फोटोसाठी एकाला मस्तपैकी हात लावून उभा राहिलो. गाईड लांबूनच ओरडला, "भैया, हात मत लगाओ!" मला राग आला. सांगितल्यावर कळलं: हाताचं तेल पृष्ठभागाला लागतं, मग नवीन थर नीट बसत नाही आणि डाग राहतो. एका खोलीतले खांब वाजतात, म्हणून लोक टिचक्या मारत होते. आम्हीही मारल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

यात नुसतं सौंदर्य जात नाही. आमच्या भाषेत सांगतो, हे सुळके म्हणजे निसर्गाची लॉग फाइल. नवी ओळ जोडली जाते, जुनी बदलत नाही. थरांतल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या प्रकारांचं प्रमाण मोजून त्या काळी पाऊस कमी होता की जास्त, याचा अंदाज काढतात. बस्तरच्या दंडक गुहेतल्या अशा एका खांबावरून संशोधकांनी सन 600 ते 1500 पर्यंतचा मान्सून वाचला, 2007 मध्ये त्याचा शोधनिबंध आला. चौदाव्या शतकात पाऊस वारंवार कमकुवत झाल्याचं त्यात दिसतं. महाराष्ट्रातला दुर्गादेवीचा दुष्काळ 1396 च्या सुमारास सुरू झाला. आमच्या घरी कोरडवाहू शेती आहे. मान्सून किती वर्षं सलग दगा देऊ शकतो, हे हवामान खात्याच्या नोंदींच्या कितीतरी आधीचं अशा दगडांत सापडतं.

परत आल्यावर पुण्यात गिझर उघडला, कॉइलवरचा एक पापुद्रा कागदात गुंडाळला आणि पुढच्या खेपेला घरी नेला. आईसमोर वाटीत टाकून वर लिंबू पिळलं. फसफस बुडबुडे आले. म्हटलं, बघ, चुन्यात अडकलेला वायू बाहेर येतोय. आई म्हणे, "लिंबू वाया घातलं."